आधी सातबारा, मग बंधारा: बज बिमच्या सहलीबद्दल

मेलबर्नला मुलाकडे आलेल्या आई-वडिलांची यादी ठरलेली असते. ग्रेट ओशन रोड, समुद्रातले ते बारा प्रेषितांचे खडक, फिलिप आयलंडचे पेंग्विन, बॅलरॅटची सोन्याची खाण आणि कॅरम डाउन्सचं शिवविष्णू मंदिर. या यादीत एक ठिकाण घाला असं मी सांगतोय. वेळ कमी असेल तर बाकीच्यांतलं एखादं खुशाल गाळा. ठिकाणाचं नाव बज बिम, व्हिक्टोरिया राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यात. गुंडिचमारा या तिथल्या मूळ रहिवाशांनी लाव्हाच्या दगडातून चाऱ्या काढून ईल मासे पाळले, त्या चाऱ्या आणि तो सगळा पाणथळ मुलूख आज त्यांच्याच ताब्यात आहे. सहल त्यांचीच संस्था चालवते, वाटाड्या त्यांचाच, आणि टे राक तळ्याच्या काठावर त्यांचंच केंद्र आणि कॅफे आहे. नकाशात या तळ्याचं नाव लेक कोंडा असंही दिसेल.

मी पाटबंधाऱ्याच्या नोकरीतून निवृत्त. गाव साताऱ्याकडचं, नोकरीतली बहुतेक वर्षं कृष्णा खोऱ्यात गेली. त्यामुळे हा अभिप्राय पाणी, उतार आणि जमिनीचे कागद एवढंच बघणाऱ्या माणसाचा आहे. फोटो कुठून चांगले येतात ते आमच्या सुनेला विचारा. गळ्यात माळ असल्यामुळे माशाच्या चवीबद्दल मी काही सांगू शकत नाही. कॅफेविषयी पुढे जे आहे ते आमच्या हिच्या तोंडचं. ही रत्नागिरीची, तिचा शब्द प्रमाण माना.

आधी अंतराचं. मेलबर्नपासून सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर. एका दिवसात जाऊन येतो म्हणणाऱ्या पोरांचं ऐकू नका. पाच-सहा तास गाडीत बसून पोचलेला माणूस दगड बघायला उभा राहत नाही. वॉर्नमबूल किंवा पोर्ट फेरीला मुक्काम करा. पोर्ट फेरीहून पुढे तासाभराचा रस्ता आहे. आम्ही उतरलो त्या मोटेलचं नाव लिहीत नाही, पण खोलीतली किटली पाणी तापवण्याऐवजी नुसता आवाज करत होती, आणि ऑगस्टमधल्या त्या गारठ्यात चहाविना सकाळ काढणं म्हणजे काय ते साठीपुढच्यांनाच कळेल. थर्मास घरून न्या.

वाटेत मेंढ्यांची कुरणं लागतात आणि कुरणांना काळ्या दगडाचे, चुन्या-सिमेंटशिवाय रचलेले गडगे. ते गोऱ्या वसाहतवाल्यांचे. दगड मात्र तोच, ज्यातून गुंडिचमारांनी चाऱ्या काढल्या. बज बिम हा ज्वालामुखी सुमारे 37,000 वर्षांपूर्वी फुटला आणि त्याची लाव्हा नदीनाल्यांच्या वाटा अडवत समुद्राकडे वाहत गेली. साताऱ्याच्या माणसाला हा दगड ओळखीचा वाटणारच, आपल्या पायाखालीही बेसाल्टच आहे. पण आपली लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची, झिजून झिजून तिची काळी माती झाली. इथली अजून कोवळी आहे. खडबडीत, भोकाभोकांची, जागोजागी खचलेली. त्या खचक्यांत पाणी साठतं, एका खळग्यातलं पाणी दगडांच्या फटींतून दुसऱ्यात झिरपतं, आणि या आडव्यातिडव्या भूगोलाचा फायदा घेऊनच सगळी योजना उभी आहे.

आमच्याबरोबरचा वाटाड्या तिशीतला गुंडिचमारा तरुण. मी काय काम करत होतो ते त्याने सुरुवातीलाच विचारलं. धरणं आणि कालवे, असं सांगितल्यावर हसून म्हणाला, "मग तुम्हाला दोन्ही दाखवतो. आमच्या लोकांची चारी आणि तुमच्या लोकांचा चर." 'तुमच्या लोकांचा' म्हणजे इंजिनिअरांचा. हा टोला त्याने पुढे दिवसभर दोन-तीनदा वापरला आणि मला तो आवडला.

पहिली चारी बघून सून म्हणाली, "बाबा, हे तर नुसते दगड पडलेत." बरोबर आहे तिचं. लांबून तसंच दिसतं. ताजमहाल बघायला आल्यासारखं इथे येऊ नका. वाटाड्याने आम्हाला एका जागी उभं केलं आणि विचारलं की पाणी कुठून कुठे जात असेल. मग मात्र दगडांची रांग दिसायला लागली. दोन्ही कडांचे धोंडे उचलून बाजूला लावलेले, तळ मोकळा, उतार इतका बेताचा की पाणी वाहील पण ओढ लागणार नाही. डंपी लेव्हल, म्हणजे उतार मोजायची दुर्बीण, लावून आम्ही आखली असती तर याहून फार वेगळी रेषा निघाली नसती. थोडं पुढे चारी एका बांधापाशी येते, बांधात सोडलेली फट, आणि फटीपलीकडे खळगा.

काम असं चालतं. इथला पाऊस हिवाळ्याचा. तळं भरलं की पाणी चाऱ्यांतून खळग्यांत शिरतं, आणि पाण्याबरोबर ईल. पाणी उतरायला लागलं की बांध मासा अडवतो. फटीत बसवायची ती विणलेली लांबट टोपली, तोंडाशी रुंद आणि शेपटाकडे निमुळती. लहान मासा शेपटाकडच्या तोंडातून निसटून जातो, मोठा तिथे माणसाच्या हाती लागतो. जुन्या नोंदींत असंही आहे की टोपलीतून बाहेर येणाऱ्या ईलला डोक्यामागे दाताने चावून मारत. हे ऐकून आमची चौथीतली नात जी खूश झाली, ती संध्याकाळपर्यंत तेच करून दाखवत होती.

पण मला सगळ्यात विलक्षण वाटलं ते पातळ्यांचं गणित. सगळे सापळे एका उंचीवर नाहीत. काही तळं तुडुंब असताना चालतात, काही पाणी निम्म्यावर आल्यावर, काही अगदी उतरत्या पाण्यात. म्हणजे पाऊस कमी झाला तरी कुठला ना कुठला सापळा चालूच राहणार. आमच्या खात्यात याला आम्ही मोठं नाव दिलं असतं आणि त्यावर एक समिती नेमली असती. शिवाय हे नुसतं पकडणं नव्हे. पकडलेले ईल खळग्यांत राखून ठेवायचे, वाढू द्यायचे, लागतील तसे काढायचे. उरलेले मॅना गम नावाच्या निलगिरीच्या पोकळ खोडात धुरावर वाळवायचे. अशा झाडांच्या ढोलीतली माती तपासली तर तिच्यात ईलच्या चरबीचे अंश निघाले. वाळवलेला माल लांबच्या टोळ्यांशी अदलाबदलीला जाई. एकाच जागी राहणाऱ्या माणसांच्या दगडी घरांची जोतीही या परिसरात आहेत. या लोकांना 'भटके शिकारी' म्हणून जमिनीवरचा हक्क नाकारला गेला, हे लक्षात ठेवून ती जोती बघा.

वयाचं म्हणाल तर मोनॅश विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ इयन मॅकनिव्हन यांच्या चमूने इथल्या एका चारीतल्या गाळाच्या थरांमधले कोळशाचे कण तपासून सुमारे 6,600 वर्षं हा काळ काढला आणि 2012मध्ये तो प्रसिद्ध केला. दगडाचं वय काढून उपयोग नव्हता, दगड लाव्हाच्याच वयाचा. कोळसा चारीतला होता म्हणून चारीचा हिशेब लागला. माहितीपत्रकं 'पिरॅमिडपेक्षा जुनं' असं सांगतात. मला पिरॅमिडशी काय करायचंय? मी इनामगाव आठवलं. घोड नदीकाठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजवाल्यांनी उत्खनन करून जो बांध आणि पाण्याची चारी शोधली, ती साधारण तीन हजार वर्षांपूर्वीची, आणि आम्ही नोकरीत तिचा उल्लेख छाती पुढे काढून करायचो. इथली दुपटीहून जुनी निघाली.

अजून सगळं सापडलेलंही नाही. 2019च्या डिसेंबरात वीज पडून इथल्या राष्ट्रीय उद्यानात वणवा लागला. आग विझल्यावर गवताखाली झाकलेली आणखी एक पंचवीसेक मीटर लांबीची चारी उघडी पडली.

ईलची कथाही वाटाड्याच्या तोंडून ऐका, मी थोडक्यात सांगतो. हा मासा गोड्या पाण्यात वीस-वीस वर्षं काढतो, मग एका पुराबरोबर डार्लट क्रीकमधून समुद्रात उतरतो आणि हजारो किलोमीटर उत्तरेला, कोरल समुद्राच्या बाजूला जाऊन अंडी घालून मरतो. काचेसारखी पारदर्शक पिल्लं प्रवाहाबरोबर परत येतात आणि नद्या चढतात. बांध घालताना या प्राण्याची येण्याजाण्याची वाट मोकळी ठेवावी लागते. आपल्याकडच्या किती बंधाऱ्यांचा आराखडा करताना कुणी माशाला विचारलं?

दुपारी 'तुमच्या लोकांचा चर'. तो बघण्यासाठी खास थांबा घ्यायला सांगा, कारण बाकीच्यांना त्यात काही रस नसतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे गोऱ्या वसाहतवाल्यांनी तळं सुकवायला सुरुवात केली आणि 1950च्या दशकात मोठं काम होऊन पाणी जवळपास पूर्ण गेलं. कारण साधं होतं, मेंढ्यांना कुरण हवं होतं. सरळ, खोल, कडा नीट तासलेला चर. काम म्हणून चोख आहे, मी नाव ठेवणार नाही. आखणाऱ्याने दिलेलं काम केलं. पाणी लवकर जावं, एवढंच त्याला सांगितलं होतं, आणि पाणी लवकर गेलं. वरच्या बाजूला सहा हजार वर्षं कुणी पाणी सावकाश कसं जाईल यावर डोकं चालवलं होतं, हे त्याच्या नकाशात कुठल्याच चिन्हाने दाखवलेलं नसणार.

पाण्याआधी माणसं गेली होती. 1834मध्ये जवळच्याच पोर्टलंडला व्हिक्टोरियातली पहिली कायमची इंग्रज वसाहत झाली. 1840च्या दशकात गुंडिचमारांनी याच खडकाळ मुलखात दबा धरून लढाई दिली, कारण लाव्हाच्या धोंड्यांत घोडे चालत नाहीत. गनिमी कावा म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. त्या चकमकींना युमेरलाची युद्धं म्हणतात. नंतर 1867मध्ये लेक कोंडा मिशन निघालं आणि उरलेल्यांना तिथे ठेवलं. 1886च्या कायद्याने मिश्र रक्ताच्या तरुणांना मिशनबाहेर काढलं, म्हणजे एकेका घरातली माणसं कायद्याने फोडली. मिशन विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांतच बंद झालं, आणि त्यांचं दगडी चर्चही 1957मध्ये पाडून टाकलं.

इथे एक गोष्ट सांगतो, ती मला दिवसभर टोचत राहिली. याच समाजातल्या लव्हेट घराण्यातले पाच सख्खे भाऊ पहिल्या महायुद्धात लढायला गेले आणि पाचही परत आले. रेजिनाल्ड सॉन्डर्स हे ऑस्ट्रेलियन सैन्यातले मूळ रहिवाशांपैकी पहिले कमिशन मिळालेले अधिकारी, तेही लेक कोंडालाच वाढलेले. युद्धं संपल्यावर सरकारने परतलेल्या सैनिकांना जमिनी दिल्या. मिशनची जमीनही त्यात वाटली गेली, गोऱ्या सैनिकांना. गुंडिचमारा सैनिकांना नाही. आमच्या साताऱ्यात आपशिंगे नावाचं गाव आहे, नावापुढे 'मिलिटरी' लावतात, घरटी सैनिक. त्या गावातल्या कुणाला हे सांगितलं तर तो ऐकून घेईल का?

आता कागदांचं. सहलीत हा भाग पाच-दहा मिनिटांत होतो, मी मात्र केंद्रातल्या फलकांसमोर बराच वेळ काढला.

1980च्या सुमाराला पोर्टलंडला ॲल्युमिनिअमचा मोठा कारखाना होणार होता आणि त्या जागेवर गुंडिचमारांच्या जुन्या खुणा होत्या. सँड्रा ओनस आणि ख्रिस्टिना फ्रँकलंड या दोन बायका कोर्टात गेल्या. प्रश्न आला तो आपल्याकडच्या कुठल्याही कलेक्टर कचेरीत येतो तोच: तुमचा संबंध काय? जमीन तुमच्या नावावर नाही, तुमचं वैयक्तिक नुकसान नाही, मग दावा कशाचा? 1981मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या जागेच्या राखणदार म्हणून त्यांचा संबंध आहे, दावा ऐकावा लागेल. कारखाना झाला. पण त्या भांडणाच्या तडजोडीतून 1987मध्ये केंद्राच्या संसदेने कायदा करून लेक कोंडा मिशनची जमीन परत दिली. राज्याच्या वरच्या सभागृहात ते विधेयक अडलं होतं म्हणून केंद्राला करावं लागलं. पुढे 30 मार्च 2007ला संघीय न्यायालयाने सुमारे 1,40,000 हेक्टरवर गुंडिचमारांचा मूळ हक्क मान्य केला. अर्ज 1996चा होता. अकरा वर्षं. महसुली दाव्यांच्या आपल्या हिशेबाने हे वेगवानच म्हणायचं.

मग 2008मध्ये तळ्याची जमीन त्यांच्या संस्थेच्या नावावर झाली. आणि त्यानंतर, 2010मध्ये, तळ्यात पाणी धरून ठेवणारा बंधारा बांधला गेला.

हा क्रम मी दोनदा वाचला. आधी सातबारा, मग बंधारा. नोकरीत मी हा क्रम कधी पाहिला नाही. आमच्याकडे आधी भिंत उभी राहते, मग पाणी चढतं, मग माणसं हलतात, आणि कागद सगळ्यात शेवटी, तेही मिळाले तर. कोयना धरणात पाणी अडून साठ वर्षं होऊन गेली. धरणग्रस्त कुणी सोलापूरकडे गेले, कुणी रायगडात, आणि त्यांच्या नातवंडांच्या हातात अजून मोर्चाचे फलक असतात. आमच्या भाषेत दोन क्षेत्रं असतात, लाभक्षेत्र आणि बुडीत क्षेत्र, आणि दोन्हींत कधी एकच माणूस राहत नाही. टे राकला पाहिलं तर ज्यांची जमीन पाण्याखाली गेली, त्यांनीच ती बुडावी म्हणून वर्षानुवर्षं मागणी केली होती. बुडीत क्षेत्र हेच त्यांचं लाभक्षेत्र. बंधारा बघायला छोटा आहे. एवढ्या बंधाऱ्याला आम्ही उद्घाटनाचा नारळही फोडला नसता. पण पाणी थांबलं तसे पाणपक्षी आले, काठची पाणवनस्पती आली, आणि जुन्या चाऱ्यांमध्ये पुन्हा पाणी खेळलं. चाऱ्यांना दुरुस्ती किती लागली असेल असा मी हिशेब करत होतो. फारशी नसावी. दगड जिथल्या तिथे होते, पाणीच काढून घेतलेलं होतं.

पाणथळ जागा 'पुनरुज्जीवित' करायच्या योजना मी नोकरीत आणि नंतरही भरपूर पाहिल्या. गाळ काढला, काठाला पिचिंग केलं, वर पेव्हर ब्लॉक आणि बाकडी टाकली, झालं. तळ्यातून पोट भरणारे भोई कुठे गेले हे अंदाजपत्रकात येत नाही. म्हणून मला या सहलीतली सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट तो फलक वाटला, ज्यावर 2007, 2008 आणि 2010 ही तीन सालं एकाखाली एक आहेत.

सगळं आलबेल आहे असं मात्र समजू नका. नातीच्या शाळेत प्रत्येक कार्यक्रमाआधी या भूमीच्या मूळ राखणदारांना वंदन करणारी चार वाक्यं म्हणतात. तिला ती शुभंकरोतीसारखी पाठ आहेत, आणि तितक्याच वेगाने ती म्हणते. याच देशाने ऑक्टोबर 2023च्या सार्वमतात मूळ रहिवाशांना संसदेपुढे सल्ला देणारं मंडळ असावं की नाही यावर साठ टक्क्यांच्या आसपास 'नाही' असा कौल दिला. व्हिक्टोरिया राज्य त्यातल्या त्यात पुढे आहे, 2025मध्ये राज्याच्या संसदेने मूळ रहिवाशांबरोबरच्या कराराचा कायदा संमत केला. मुलाने वाटेत गाडीत विचारलं, आपण तर परवा आलो, आपला याच्याशी काय संबंध? त्याचं घर मेलबर्नच्या पश्चिमेला नव्या वस्तीत आहे, रस्त्याच्या टोकाला तळं आहे, ते पावसाचं पाणी साठवायला महापालिकेने खोदलेलं. त्याच्या आधी तिथे काय होतं ते शोध, असं मी सांगितलं. अजून शोधलेलं नाही.

कॅफेकडे वळू. टे राकचं केंद्र 2022मध्ये सुरू झालं, तळ्याच्या अगदी काठावर, मोठ्या काचांचं. बसून पाणी बघत राहावं अशी जागा. ईल इथे त्यांच्या नावाने मिळतो, कूयांग. हिने धुरावलेला घेतला. पहिला घास घेतला आणि बोललीच नाही, म्हणजे काहीतरी जमलंय. मग तिचा अहवाल असा: आपल्या वामपेक्षा मांस मऊ, चरबी भरपूर, काटा फार त्रास देत नाही, धूर आतपर्यंत मुरलेला पण जळका वास नाही. मीठ बेताचं. "अहो, याला कोकम आणि चार तिरफळं मिळाली असती ना, तर सोनं झालं असतं," हे नंतर. सुनेला तो तेलकट वाटला. नातीने एक तुकडा खाल्ला आणि चिप्सकडे वळली. पदार्थ ऋतूप्रमाणे बदलतात, तेव्हा हाच मिळेल असं नाही. माळकऱ्यांनी जाण्याआधी विचारून घ्यावं. मला तिथे काहीतरी मिळालं आणि कॉफी उत्तम होती. तळ्याच्या काठी बसून तळ्यातला मासा खाणारी बायको आणि समोर कॉफीचा कप धरून बसलेला मी, असा फोटो सुनेने काढलाय, त्यात मी उगाच गंभीर दिसतोय.

कुणी जाऊ नये? ज्यांना उंच धबधबा, मोठं शिल्प किंवा निदान प्राणी तरी दिसायला हवा, त्यांनी. कांगारू दिसतात, पण ते मेलबर्नबाहेर कुठेही दिसतात. कासच्या पठारालाही 2012मध्ये जागतिक वारशाचा शिक्का मिळाला, आणि तेव्हापासून फुलांच्या दिवसांत रविवारी तिथे गाड्यांची रांग बघून परत फिरावंसं वाटतं. बज बिमला तो शिक्का जुलै 2019मध्ये मिळाला. केवळ मूळ रहिवाशांच्या सांस्कृतिक वारशासाठी यादीत गेलेली ती ऑस्ट्रेलियातली पहिलीच जागा. तरी आम्ही गेलो तेव्हा आमच्याखेरीज दोन जोडपी होती. एवढी शांतता लहान मुलांना मानवेलच असं नाही, पण वाटाड्या मुलांशी बोलणारा असेल तर ती रमतात. आमच्या नातीला त्याने पुण्यार्त नावाच्या गवताची पाती हातात देऊन टोपलीची वीण कशी सुरू करतात ते दाखवलं. वीण तिला काही जमली नाही, पण पाती तिने सोडली नाहीत.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी: केंद्रापर्यंत गाडी जाते, आत सपाट आहे, स्वच्छतागृह आहे. दगडांमधली चाल मात्र खाचखळग्यांची. पावसाने दगड निसरडे होतात, तेव्हा चपला-सँडल घरी ठेवा, घोट्यापर्यंतचे बूट घाला, आणि काठी न्यायची लाज वाटून घेऊ नका. उन्हाळ्यात साप निघतात आणि माश्या डोळ्यांत जातात. पाणी बघायचं असेल तर हिवाळा किंवा त्यानंतरचा वसंत, म्हणजे साधारण जुलै ते ऑक्टोबर. कडक उन्हाळ्यात चाऱ्या कोरड्या भेटू शकतात, आणि कोरड्या चाऱ्यांवर आमच्या सुनेचं मत वर दिलंच आहे.

सहल आधी आरक्षित करावी लागते, ऐनवेळी जाऊन चालत नाही. छोटी सहल असते आणि दिवसभराचीही. पाण्याच्या कामात आयुष्य गेलं असेल तर दिवसभराचीच घ्या, कारण तुम्ही प्रश्न विचारणार आणि बाकीचे घड्याळ बघणार. पैसे द्यायला मन खळखळ करत असेल तर बज बिम राष्ट्रीय उद्यानातलं विवरातलं तळं, लेक सरप्राईज, स्वतःचं स्वतः बघता येतं, पण चाऱ्या वाटाड्याशिवाय कळणार नाहीत. ती जमीन त्यांची खाजगी आहे; कुंपण ओलांडून आत शिरू नका.

मराठीतून माहिती अर्थातच नाही, आणि वाटाड्याचं इंग्रजी ऑस्ट्रेलियन वळणाचं, भरभर. मला निम्मं कळलं, निम्मं मुलाने सांगितलं, आणि चारीसमोर दोघांनी हातवारे करून उताराबद्दल जे बोलणं केलं त्याला भाषा लागली नाही. त्याने शेवटी विचारलं की तुमच्याकडे अशी जुनी कामं आहेत का. मी खानदेशातल्या फड पद्धतीबद्दल सांगितलं: पांझरा नदीवरचे जुने बंधारे, गावाने एकत्र येऊन ठरवलेल्या पाण्याच्या पाळ्या, पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याला धान्यात मिळणारा मोबदला. त्याला लिहून हवं होतं. मुलाच्या मेलवरून पाठवायचं ठरलंय, धुळ्याच्या एका जुन्या सहकाऱ्याकडून नकाशे मागवले आहेत, ते आले की पाठवतो. हेवूडला पेट्रोल भरून घ्या, त्यानंतर पंप विरळ आहेत आणि मोबाईलला रेंज जात-येत असते.